आपत्तीच्या वेळी वायरलेसवर शब्द कोणाचा चालणार?

मोबाइलच्या टॉवरखाली उभ्या असलेल्या पोलिसाचा वायरलेस अचानक मुका होतो. दोनशे पावले पुढे गेला की पुन्हा बोलू लागतो. सेट बिघडलेला नसतो, बॅटरी भरलेली असते, पोलीस खात्याचा स्वतःचा टॉवरही नीट चालू असतो. मोबाइल कंपनीने परवान्यातले एकही कलम मोडलेले नसते. सगळे नियमाप्रमाणे चाललेले असते आणि तरीही त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला नियंत्रण कक्षाचा आवाज ऐकू येत नाही.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून अशा तक्रारी येऊ लागल्या. तिथे ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांचे चॅनल होते आणि त्यांच्या मधेमधे नेक्सटेल या खासगी कंपनीचे चॅनल पेरलेले होते. वाटप झाले तेव्हा सगळ्यांच्या यंत्रणा एकाच धाटणीच्या होत्या. उंचावर एक टॉवर, भरपूर शक्ती आणि लांबवर पसरलेला परिसर. पुढे नेक्सटेलने आपल्या सेवेला मोबाइलचे रूप दिले आणि ठिकठिकाणी बुटके टॉवर उभे केले. शेजारी तेच राहिले, शेजारधर्म मात्र बदलला. हा गुंता सोडवण्यासाठी तिथल्या दळणवळण आयोगाने २००४ साली आदेश काढला. कंपनीचे चॅनल एका बाजूला आणि सार्वजनिक सुरक्षेचे दुसऱ्या बाजूला न्यायचे ठरले. २००५ साली सुरू झालेले हे काम तीन वर्षांत उरकेल असा अंदाज होता. ते संपले २०२१ साली.

एका पट्ट्यातले शेजारी हलवायला सोळा वर्षे लागली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आणीबाणीच्या सेवांच्या वायरलेसवर चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा दोन मागण्यांपाशी येऊन थांबते. या सेवांना आणखी स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सींची आणखी जागा द्या, ही एक. सगळ्यांसाठी एकच नवे जाळे उभारा, ही दुसरी. दोन्ही मागण्यांत तथ्य आहे. पण त्या मान्य झाल्या तरी मूळ दुखणे तसेच राहते, कारण ते जागेच्या टंचाईचे कमी आणि शेजाराचे जास्त आहे. कोणी कुठे, किती जोराने, कोणत्या उंचीवरून बोलायचे हे ठरवणारा माणूस, म्हणजे समन्वयक, प्रत्येक प्रदेशात कायमचा नेमलेला असला पाहिजे, आणि त्याला पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका सेवा यांपैकी कोणालाही ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. नुसता सल्लागार पुरणार नाही. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते का म्हणायचे आहे हे समजण्यासाठी आधी व्यत्यय म्हणजे काय ते जरा जवळून पाहिले पाहिजे.

पोलिसांच्या हातातला सेट कित्येक किलोमीटरवरून येणारी क्षीण लहर पकडण्यासाठी बनवलेला असतो. अमेरिकेतल्या त्या आदेशात हातातल्या सेटला संरक्षण मिळण्यासाठी लहरीची किमान पातळी ठरवली गेली ती उणे १०१ डीबीएम (डीबीएम हे लहरीची ताकद मोजण्याचे एकक). म्हणजे एका वॉटचा साधारण साडेबारा लाख कोटींवा भाग. इतकी बारीक कुजबुज ऐकणाऱ्या कानाशेजारी कोणी ढोल बडवू लागले तर काय होईल? ५ किलोमीटरवरचा टॉवर आणि ५० मीटरवरचा टॉवर सारख्याच शक्तीचे असले, तरी मोकळ्या जागेत जवळच्याची लहर दहा हजार पट जोराने येऊन आदळते. ती वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असते हे खरे. पण सेटच्या पहिल्याच टप्प्यातला प्रवर्धक, म्हणजे लहर मोठी करणारा भाग, त्या माऱ्याने गुदमरतो आणि त्याला हवी असलेली लहर त्यात बुडून जाते.

याहून फसवा प्रकार भेसळीचा. समजा शेजारच्या टॉवरवरून ८५३ आणि ८५४ मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी निघत आहेत आणि पोलिसांचा चॅनल ८५२वर आहे. ८५२वर टॉवरमधून काहीच बाहेर पडत नाही. पण दोन जोरदार लहरी एकदम आत शिरल्या की सेटमधल्याच भागांत त्यांची भेसळ होते आणि दुप्पट ८५३ वजा ८५४, म्हणजे बरोबर ८५२वर एक भुताटकीची लहर तयार होते. ती हवेत कुठेही नसते. तपासणी पथक मोजमापाची यंत्रे घेऊन आले तर त्यांना ८५२ स्वच्छ दिसेल. व्यत्यय जन्माला येतो तो ऐकणाऱ्याच्या हातात. मग दोष कोणाचा? कंपनी म्हणणार, आमची लहर आमच्या हद्दीत आहे. खाते म्हणणार, आमचा सेट तुम्ही येण्याआधी नीट चालत होता. दोघेही खरे बोलत असतात. शेतीच्या बांधावरच्या भांडणात निदान बांध तरी डोळ्यांना दिसतो.

या भेसळीचा एक गुणधर्म उपाय सुचवतो. दोन्ही लहरींची ताकद निम्मी केली की भेसळीची ताकद निम्मी होत नाही, थेट एक-अष्टमांश होते. टॉवरवरचा अँटेना थोडा वर तिरपा केला, शक्ती थोडी उतरवली किंवा त्या टॉवरवरच्या फ्रिक्वेन्सींची जोडी बदलली, तर अनेक ठिकाणी त्रास जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. म्हणजे कोट्यवधी रुपयांचे स्थलांतर हा पहिला उपाय असायचे कारण नव्हते. पहिला उपाय होता दोन अभियंत्यांनी टॉवरच्या बांधणीआधी आपापली कागदपत्रे एकमेकांना दाखवण्याचा. तसे बंधन आधीपासून नसल्याने तक्रारींचा ढीग साचेपर्यंत थांबावे लागले.

इथे सेट विकत घेणाऱ्या खात्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. आपले सगळे कायदे बोलणाऱ्या यंत्राला बांधतात, ऐकणाऱ्या यंत्राला क्वचितच. परवाना प्रक्षेपकाला लागतो, तपासणी प्रक्षेपकाची होते. पण खराब रिसीव्हर म्हणजे कुंपण नसलेले घर. स्वस्तातला, शेजारच्या फ्रिक्वेन्सी गाळण्याची क्षमता नसलेला सेट घ्यायचा आणि मग शेजाऱ्याने गप्प बसावे अशी अपेक्षा धरायची, हे न्यायाचे नाही. २००४च्या त्या व्यवस्थेत हा मुद्दा नीट ओळखलेला होता. सेट ठरावीक दर्जाचा असेल तरच त्याला पूर्ण संरक्षण मिळेल, असा नियम झाला. खरेदीच्या निविदेत ही अट घालणे प्रत्येक देशाला जमण्यासारखे आहे. समन्वयकाच्या सहीशिवाय वायरलेसची खरेदी होऊ नये असे मला वाटते, ते याचसाठी.

आता सर्वांत गंभीर गोष्टीकडे येतो. आपल्याकडे व्यत्ययाच्या तक्रारी नाहीत, असे कोणी अधिकारी अभिमानाने सांगतो तेव्हा मला धास्ती वाटते. कारण आजच्या वायरलेसमध्ये व्यत्यय लपवण्याची सोय आतच बसवलेली आहे.

जुन्या एफएम सेटवर दुसऱ्याचे बोलणे कानावर येई, खरखर येई, त्रास होई. म्हणून प्रत्येक संस्थेच्या आवाजाखाली एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर जोडण्याची युक्ती निघाली. सेटला आपला सूर ओळखू आला तरच स्पीकर उघडायचा, नाहीतर गप्प राहायचे. ऐकणाऱ्याला केवढा आराम! पण हवेतली दुसरी लहर कुठे गेली? ती तिथेच आहे. फरक इतकाच की आता ती कोणाला ऐकू येत नाही. चॅनल मोकळा आहे असे समजून जवान बटण दाबतो आणि त्याचा संदेश दुसऱ्या संस्थेच्या संदेशावर जाऊन आदळतो. दोन्ही बाजूंना नुसते वाटते की समोरून उत्तर आले नाही. एफएमचा आणखी एक स्वभाव असा की एकाच चॅनलवर दोन लहरी आल्या तर जोरदार लहर सगळा ताबा घेते आणि क्षीण लहर मागमूस न ठेवता पुसली जाते. क्षीण लहर कोणाची असते? तळघरात उतरलेल्याची, बोगद्यात अडकलेल्याची, धुरात भिंत चाचपडणाऱ्याची. व्यत्यय नेमका त्याचाच आवाज आधी खातो, ज्याचा आवाज ऐकणे सर्वांत जरुरीचे असते.

डिजिटल सेट आल्यावर खरखरही गेली. डिजिटल यंत्रणा चुका दुरुस्त करत राहते, एका मर्यादेपर्यंत आवाज काचेसारखा स्वच्छ ठेवते आणि ती मर्यादा ओलांडली की शब्द तुटतात, मग एकदम शांतता. अॅनालॉगच्या काळात खरखर वाढू लागली की माणूस सावध होई, खिडकीकडे सरके. आता ती पूर्वसूचना उरलेली नाही. जवानाला वाटते सेट बंद पडला असेल, तो परत येऊन सेट बदलून घेतो, दुरुस्ती विभाग सेट तपासतो, तो ठीक निघतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. तक्रार तिथेच संपते. असे शंभर शेरे एका नकाशावर मांडले तर कदाचित एकाच टॉवरभोवती वर्तुळ उमटेल. पण तीन संस्थांचे शेरे तीन कपाटांत राहिले तर तो नकाशा काढणार कोण?

म्हणून माझ्या मते समन्वयकाच्या हातातले पहिले हत्यार म्हणजे सामायिक नोंदवही. कोणत्याही संस्थेच्या माणसाला वायरलेस लागला नाही की वेळ, जागा, चॅनल आणि काय ऐकू आले एवढ्या चार गोष्टी एकाच ठिकाणी नोंदवल्या गेल्या पाहिजेत. अमेरिकेत ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या मोबाइल कंपन्यांवर अशी तक्रार आल्यापासून साधारण २४ तासांत प्रतिसाद देण्याचे बंधन घातले गेले. हे बंधन खासगी कंपनीवर घालता येते, तर मग एका सरकारी संस्थेने दुसऱ्या सरकारी संस्थेला का नाही उत्तर द्यायचे? परकी कंपनी त्रास देत असेल तर आपण तिच्यावर तुटून पडतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या आपल्याच बंधुसंस्थेचा रिपीटर (संदेश पकडून जोराने पुढे पाठवणारे यंत्र) त्रास देत असेल, तर मात्र संबंध बिघडू नयेत म्हणून गप्प बसतो.

त्रास देणारा दरवेळी मोठी संस्थाच असतो असेही नाही. फ्लोरिडातल्या एका माणसाने गाडीत मोबाइलचा सिग्नल रोखणारा जॅमर ठेवला होता, इतर चालकांनी गाडी चालवताना फोनवर बोलू नये म्हणून. महिनोन् महिने तो त्याच महामार्गावरून ये-जा करत राहिला. एका मोबाइल कंपनीला टॉवरवरच्या बिघाडात ठरावीक वेळांचा मेळ दिसला, २०१३ साली शोध लागला आणि पोलीस ती गाडी थांबवायला जवळ गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या वायरलेसचाही नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. पुढच्या वर्षी त्याला ४८,००० डॉलर दंड प्रस्तावित झाला. हा छडा लागला तो कोणीतरी बिघाडांच्या वेळा लिहून ठेवल्या म्हणून.

मोठ्या इमारतींतले सिग्नल वाढवणारे प्रवर्धक हाही असाच दुर्लक्षित कोपरा. तळमजल्याखाली अग्निशामकांचा वायरलेस चालावा म्हणून इमारतीचा मालक ते बसवतो. हेतू चांगला, कधी कायद्याने सक्तीचा. पण आतला आणि बाहेरचा अँटेना पुरेसे वेगळे ठेवले नाहीत, तर ध्वनिवर्धकाची शिट्टी वाजावी तसा तो प्रवर्धक स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवत बसतो आणि शहराच्या मुख्य टॉवरच्या कानात गोंगाट भरतो. एक इमारत वाचवण्यासाठी बसवलेले यंत्र बाकीच्या शहराला बहिरे करू शकते. ज्या संस्थेचा चॅनल आहे तिची संमती घेतल्याशिवाय असा प्रवर्धक लावू नये आणि त्याची नोंद असावी, ही अट अमेरिकेने घातली ती योग्यच आहे. नोंद मात्र तपासणाऱ्याच्या हाती हवी, मालकाच्या फाइलमध्ये पडून उपयोग नाही.

या सगळ्यावर पोलिसांकडून येणारा आक्षेप मी हलका समजत नाही. आमच्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांना सांगितल्या तर गुन्हेगारही ऐकतील, असे ते म्हणतात. पण फ्रिक्वेन्सी लपवून गुप्तता मिळते हा समज आता सोडायला हवा. बाजारात मिळणारा स्कॅनर हवेतली चालू फ्रिक्वेन्सी काही मिनिटांत शोधून काढतो. संभाषण गुप्त राहते ते कूटबद्ध केल्यामुळे. लपवलेल्या फ्रिक्वेन्सीने गुन्हेगार अडत नाही. अडतो तो शेजारचा अग्निशमन विभाग, ज्याला ठाऊकच नसते की आपला नवा रिपीटर कोणाच्या तोंडावर हात ठेवतो आहे. समन्वयकाकडची नोंद जाहीर करावी असे कोणी म्हणत नाही. ती बंद कपाटात राहू दे, पण कपाट एकच असू दे. आणि कूटबद्ध करण्याचीही वेगळी किंमत आहे हे विसरू नये. कूट उलगडणाऱ्या किल्ल्या जुळल्या नाहीत तर शेजारी उभे असलेले दोन जवान एकाच चॅनलवर असूनही एकमेकांना बहिरे असतात. म्हणजे गुप्तता जितकी वाढेल तितकी समन्वयाची गरजही वाढते.

आणखी स्पेक्ट्रम द्या, या मागणीचे काय? अमेरिकेत २००२ साली ४.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचे तब्बल ५० मेगाहर्ट्झ सार्वजनिक सुरक्षेसाठी राखून ठेवले गेले. या क्षेत्रात ही मोठी मिळकत म्हणायची. तरीही वर्षानुवर्षे तो पट्टा फारसा वापरला गेला नाही. उपकरणे महाग होती हे एक कारण. दुसरे असे की परवाने संस्थेच्या संपूर्ण हद्दीसाठी मिळत, आणि त्या हद्दीत नेमके कोण कुठे काय चालवतो याची पक्की नोंद नव्हती. ज्या जमिनीचा सातबाराच नीट नाही तिथे पीक घ्यायला कोण धजावेल? अखेर २०२३ साली त्या पट्ट्यासाठी एक राष्ट्रीय व्यवस्थापक नेमण्याचे धोरण ठरले. म्हणजे वीस वर्षांनी गाडी समन्वयकापाशीच येऊन थांबली.

एकच जाळे, ही दुसरी मागणी जास्त मोहक आहे. फिनलंडने हे करून दाखवले. व्हिर्वे नावाच्या तिथल्या जाळ्यावर पोलीस, बचाव सेवा, आरोग्य सेवा असे सगळे एकत्र आहेत, आणि एकाच संस्थेने एकाच योजनेतून फ्रिक्वेन्सी वाटल्या तर आपसांतला व्यत्यय मुळातच घटतो हे निर्विवाद आहे. युरोपभर या कामासाठी ३८० ते ३८५ आणि ३९० ते ३९५ मेगाहर्ट्झचा पट्टा एकसारखा ठरवला गेला. त्यासाठी नाटोच्या लष्करी वापरातल्या पट्ट्यातून जागा मोकळी करून घ्यावी लागली. लष्कराला सरकवून घेण्यासाठी राजकीय इच्छाशक्ती लागते आणि ती तिथे दिसली, याचे मला मनापासून कौतुक आहे. तरीसुद्धा नॉर्वे आणि स्वीडन यांची जाळी एकाच तंत्रज्ञानाची, एकाच पट्ट्यातली असून एकमेकांना जोडायला २०१६ साल उजाडले. तारा जोडण्याइतकेच महत्त्वाचे होते ते सीमेपलीकडच्या माणसाला कोणत्या नावाच्या गटावर, कोणत्या शब्दांत हाक मारायची हे ठरवणे.

आणि एक जाळे असूनही काय होते ते मँचेस्टरने दाखवले. २२ मे २०१७च्या रात्री तिथल्या अरीनामध्ये बॉम्बस्फोट झाला, २२ निरपराध माणसे गेली. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा तिन्ही एअरवेव्ह या एकाच जाळ्यावर आहेत. तरी अग्निशमन दलाची तुकडी घटनास्थळी पोहोचली ती स्फोटानंतर दोन तासांहून अधिक वेळाने. नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले की सर्व नियंत्रण कक्षांना एकत्र बोलता येईल असा सामायिक गट उपलब्ध होता, पण त्या रात्री तो वापरलाच गेला नाही. लहरी स्वच्छ होत्या, चॅनल मोकळा होता, उपकरणे जुळत होती. अधिकाराची आणि सवयीची उणीव होती. त्या सामायिक गटावर पहिले कोण बोलणार, कोणाच्या आदेशाने सगळ्यांनी तिकडे वळायचे, हे अंगवळणी पडलेले नव्हते.

त्याच देशात याआधीही किंमत मोजली गेली होती. १९८७ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात भुयारी आग लागली, ३१ माणसे मेली. जमिनीखालून वर वायरलेसवर नीट बोलता येत नव्हते. ही त्रुटी चौकशी अहवालात स्पष्टपणे लिहिली गेली. तरी २००५च्या जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्ब फुटले तेव्हा निरोप्यांना पायी धावत वर-खाली निरोप न्यावे लागले. अहवाल लिहिणारे असतात, वाचणारेही असतात. अमुक तारखेपर्यंत हे झाले पाहिजे, नाहीतर मी परवानगी रोखतो, असे म्हणणारा कोणी नसतो.

११ सप्टेंबर २००१चा दिवसही याच अंगाने आठवावा. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या संकुलात उंच मजल्यांसाठीचा रिपीटर होता. उत्तर मनोऱ्यातल्या त्याच्या मुख्य कन्सोलवर दोन बटणे दाबायची होती, दुसरे दाबले गेले नाही. तपासून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना रिपीटर बंद आहे असे वाटले आणि त्यांनी तो सोडून दिला. मग उत्तर मनोऱ्यातले बहुतेक सगळे एका चॅनलवर गर्दी करून बोलू लागले, एकमेकांवर आदळू लागले. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इमारतीची अवस्था दिसत होती, पण ती माहिती अग्निशमन अधिकाऱ्यांपर्यंत सरळ पोहोचेल अशी वाट नव्हती. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्यांतले किती वायरलेसमुळे गेले असे मोजता येत नाही, तसे मोजूही नये. पण त्याच दिवशी पेंटागॉनपाशी अनेक संस्था आल्या आणि तिथला प्रतिसाद बराच सुसूत्र होता. चौकशी आयोगाने त्याची कारणे दिली ती आधीपासूनचे व्यावसायिक संबंध आणि विश्वास, घटनास्थळी एकाच नेतृत्वाखाली काम करण्याची ठरलेली पद्धत आणि प्रदेश म्हणून एकत्र केलेली तयारी. तिथेही अडचणी आल्याच, पण कोणाचे ऐकायचे हे लोकांना माहीत होते.

ब्रॉडबँड येतो आहे, आता हा सगळा जुना खटाटोप संपेल, असेही म्हटले जाते. अमेरिकेने २०१२ साली कायदा करून आणीबाणीच्या सेवांसाठी फर्स्टनेट हे ब्रॉडबँड जाळे उभारले, त्यासाठी २० मेगाहर्ट्झ आणि ७ अब्ज डॉलर दिले. हे पाऊल मोलाचे आहे. पण ब्रिटनने जुने एअरवेव्ह २०१९ अखेर बंद करून मोबाइल जाळ्यावर जायचे ठरवले होते, तो मुहूर्त केव्हाच टळला आणि एअरवेव्ह त्यानंतरही चालू ठेवावे लागले. संक्रमणाची ही लांबलेली वर्षे सर्वांत धोक्याची असतात, कारण जुन्या आणि नव्या यंत्रणा शेजारीशेजारी चालतात आणि नेक्सटेलची गोष्ट नेमकी याच अवस्थेत घडली होती. शिवाय टॉवरच कोसळला तर एका सेटवरून थेट दुसऱ्या सेटवर बोलण्याची सोय लागते. ती साध्या वायरलेसमध्ये सहज आहे, मोबाइल तंत्रज्ञानात अजून तितकी भरवशाची नाही.

समन्वयाने कामे रखडतात, हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. नवा रिपीटर लावण्याआधी महिनाभर गणिते करावी लागली, तर तो महिना शांततेतला असतो. चुकीच्या जागी लावलेला रिपीटर हलवायला किती काळ जातो हे आपण पाहिलेच. एका गोष्टीची मात्र मला खरोखर काळजी आहे. अधिकार मिळालेला समन्वयक एखाद्या मोठ्या संस्थेच्या प्रभावाखाली गेला तर लहान संस्थांचे हाल होतील. ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन पथकाला महानगराच्या पोलिसांपुढे कोण विचारणार? म्हणून त्याचा पगार कोणत्याही एका वापरकर्त्या संस्थेकडून येऊ नये, त्याचा प्रत्येक नकार लेखी आणि कारणासहित असावा आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी मोजक्या दिवसांची मुदत असावी. पैशाचाही नियम आधी ठरवावा. नेक्सटेलने कायदा मोडला नव्हता, तरी सार्वजनिक संस्थांच्या स्थलांतराचा खर्च तिच्यावर टाकला गेला आणि बदल्यात तिला दुसरीकडे १० मेगाहर्ट्झ मिळाले. हा तोडगा वादग्रस्त होता, पण त्यामागचे तत्त्व मला मान्य आहे. ज्याच्या बदलामुळे शेजाऱ्याला त्रास सुरू झाला, त्याने खर्चाची सुरुवात करावी, मग तो बदल कितीही कायदेशीर असो आणि बदल करणारे सरकारी खाते का असेना.

शेवटी घटनास्थळाचा प्रश्न उरतो, आणि तिथे हे सगळे एका कागदावर येते. आपत्ती व्यवस्थापनाच्या पद्धतीत आयसीएस २०५ नावाचा एक साधा तक्ता आहे. कोणता चॅनल कोणत्या कामासाठी, कोणत्या पथकाला, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या सुरासह, एवढेच त्यात भरायचे असते. मोठ्या घटनेत बाहेरून वीस-पंचवीस पथके येतात, प्रत्येक जण आपला रिपीटर, आपले सेट, आपल्या सवयी घेऊन येतो. तो तक्ता भरणाऱ्या अधिकाऱ्याला त्या जागेपुरता, त्या वेळेपुरता एक अधिकार हवा. तुमचा फिरता रिपीटर बंद करा, असे तो म्हणाला तर समोरचा कितीही वरच्या हुद्द्याचा असला तरी आधी तो बंद झाला पाहिजे, वाद नंतर घालता येईल. हा अधिकार कायद्यात लिहून द्यावा लागेल. वर्षातून किमान दोनदा, सगळ्या संस्थांचे खरे सेट चालू ठेवून, खऱ्या तळघरात आणि खऱ्या गर्दीच्या वेळी त्याचा सराव करावा लागेल. आणि त्या सरावात ज्यांचे आवाज पोहोचले नाहीत त्यांची यादी, संस्थेच्या नावासकट, सर्व संस्थांच्या प्रमुखांच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी सकाळी गेली पाहिजे.